पिवळ्या साडीतला उजेड

काल दुपारी दोरीवरचे टॉवेल काढायला गेले तर सगळ्यांवर काळे बारीक ठिपके. बोट लावलं की पसरतात, झटकलं तर आणखी पसरतात, म्हणून आमच्याकडे त्यांना कुणी हात लावत नाही, नुसतं फुंकतात. म्हणजे कारखाने सुरू झाले. आसपास कारखाने काही कमी नाहीत, त्यामुळे ही राख नेमकी कुठल्या धुराड्यातली ते कुणालाच सांगता येत नाही, आणि कुणी विचारायलाही जात नाही. ऊस आपला, तेव्हा राखही आपलीच. दिवाळी सरते, हवेत मळीचा गोडसर आंबूस वास भरतो, रस्त्याला ट्रॉल्यांची रांग लागते आणि चिपाडाची ही राख अलगद खाली यायला लागते. दह्यावर, तुळशीवर, म्हाताऱ्यांच्या टोप्यांवर. त्यात कुणाचं फारसं बिघडत नाही. बिघडतं ते आमचं, गाड्या रंगवणाऱ्यांचं.

ओल्या रंगावर राखेचा एक कण बसला की तो तिथला मालक होतो. सुईच्या टोकानं उचलावा तर खड्डा पडतो, राहू द्यावा तर आयुष्यभर दिसतो. गिऱ्हाइकाला दिसत नाही म्हणा. पण रंगवणाऱ्याला दुसरं काही दिसतच नाही.

कुंडलच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, पुढं अंगण, अंगणात पेरूचं झाड. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तरुणपणी ते काढलं. ठोकाठोकीचं काम बिरूअण्णांचं. ते जतकडचे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं होती, ह्यांनी काठी सोडून हातोडी धरली. चेपलेला पत्रा आतून हलक्या हातानं ठोकत ठोकत ते पूर्वीच्या जागी आणतात आणि तळव्यानं चाचपून बघतात. डोळे मिटून बघतात. मेंढराच्या पाठीवरनं हात फिरवून ते कसं आहे सांगायची त्यांच्या घरातली सवय असावी. त्यानंतरचं सगळं आबांचं. खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं, घासणं, प्रायमर, रंग, वरची चकाकी.

पेरूच्या झाडाचं अर्धं अंग शेडकडे आहे. शेडमधून उडालेला रंगाचा धूर इतकी वर्षं त्या अंगाला लागत आला. त्यामुळे खोडाची एक बाजू पेरूची आहे आणि दुसरी कशाचीच नाही. नखानं खरवडलं तर चंदेरी, खाली लाल, त्याखाली जीपगाड्यांचा हिरवा. पेरू मात्र दोन्हीकडे लागतात आणि गोड निघतात. लहानपणी मला वाटायचं, आतून ते चंदेरी निघतील. प्रत्येक पेरू मी थोडी धाकधूक बाळगूनच फोडायचे.

गाडी घासताना जी मजा असते ती रंगवताना नसते, असं माझं मत आहे. आबांना ते मान्य नाही. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर हातात धरायचा आणि गोल गोल फिरवत राहायचं. पांढऱ्या रंगाखालून निळा वर येतो, निळ्याच्या कडेला तांबडा. तलावांचा नकाशा काढावा तशी बेटं दिसायला लागतात. कुणीतरी ही गाडी निळी असताना घेतली असेल, पहिल्यांदा देवाला नेली असेल. मग ती विकली, दुसऱ्यानं पांढरी केली. घासलेलं पाणी हातावरून ओघळून अंगणातल्या चरीत जायचं, आणि चर दिवसभर रंग बदलत राहायची. मी शाळेतून आल्यावर आधी चर बघायचे. आज कुठली गाडी आली आहे ते मला चरीवरून कळायचं.

मोठी झाले, लग्न होऊन साताऱ्याकडच्या खंडाळ्याला गेले. आमचे मालक फौजेत. सासूबाई आणि मी, दोघीच घरात. तिथं मी पार्लर काढलं. आबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "म्हंजी तू बी डेंटिंग-पेंटिंगच काडलंस की." मी चिडले होते. पण खरं सांगायचं तर फरक फार नव्हता. आधी घासायचं, मग खड्डे भरायचे, मग प्रायमर. माझ्या पेटीतल्या प्रायमरची बाटली बघून आबा इतके हसले होते की त्यांना ठसका लागला. तो ठसका बराच वेळ थांबला नाही, आणि आई पाण्याचा तांब्या घेऊन नुसती उभी होती. तेव्हा आम्ही कुणी त्याकडे लक्ष दिलं नाही.

ज्या हंगामाची आठवण काल टॉवेल फुंकताना आली, तो त्यानंतरचा. आईचा फोन आला, "आगं, ह्येंला दोन पायऱ्या चढवनात. आन रंगाची गन काय हातातली सुटंना." मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "जा की. बापाचा श्वास म्होरं असतुय. पार्लर काय पळून जातंय व्हय?" त्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी कुणालाही सांगते.

सांगलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, फुंकायला लावलं, आणि दोन गोष्टी सांगितल्या. थंड वाऱ्यात आणि राखेत बसायचं नाही. आणि रंगाची गन पुन्हा हातात धरायची नाही. धरली तर जेवढा श्वास शिल्लक आहे तोही जाईल, असं त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं. परतीच्या वाटेवर आबा एस.टी.च्या खिडकीतून समोरून येणाऱ्या गाड्या बघत होते. मला वाटलं, विचारात आहेत. तासगाव मागं पडल्यावर म्हणाले, "त्या तांबड्या गाडीच्या बॉनेटवर ओघळ हाय. कुणी मारलाय कुणास ठावं."

राखेच्या दिवसांत रंग कसा मारतात हे बाहेरच्यांना सांगितलं तर खोटं वाटतं. शहरात काचेच्या बंद खोल्या असतात. आमच्याकडे साड्या. शेडमध्ये चारी बाजूंनी तारा बांधलेल्या, त्यावर जुन्या साड्या सोडायच्या आणि पाण्यानं ओल्याचिंब करायच्या. जमिनीवरही पाणी मारायचं. राख उडत येते आणि ओल्या साडीला चिकटून बसते, आत येत नाही. या साड्या आल्या कुठून? तर आहेरातून. लग्नात आलेली, पुन्हा दुसऱ्या लग्नात दिलेली, तिथूनही परत फिरून आलेली, जी नेसायची कुणाचीच छाती होत नाही अशी साडी आमच्या गावात शेवटी आमच्या गॅरेजला येते. बायका आणून देतात, "पेंटर, तुमच्या गाड्यास्नी नेसवा." दर हंगामाला नव्या.

त्या साड्यांच्या आत उभं राहणं म्हणजे काय ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. ऊन पत्र्याच्या फटीतून येतं, साड्यांतून गाळून आत उतरतं. एका कोपऱ्यात गुलाबी, एका कोपऱ्यात जांभळं. पाणी टपटपतं. कॉम्प्रेसर दम भरून थांबला की एकदम शांत होतं आणि लांबून ट्रॉलीवरच्या टेपचा आवाज येतो. मग गनचा सुस्कारा सुरू होतो आणि हवेत रंगाचं धुकं उभं राहतं. त्या धुक्यात आबांचा हात तेवढा हलायचा, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. त्यांच्या हातावरच्या केसांवर रंग बसायचा, भुवयांवर बसायचा. मी लहान असताना साडी बाजूला करून बघायचे आणि मला वाटायचं, आबा विरघळायला लागलेत. थिनरच्या वासानं डोकं हलकं व्हायचं, तेही त्यात असेल. आता त्या वासाची मला भीती वाटते आणि तरीही तो आवडतो. त्याला माझा इलाज नाही.

मी साताऱ्याहून चांगला मास्क आणला होता, दोन्ही गालांवर डबे असलेला. आबांनी तो खिळ्याला अडकवला. "बैलावानी मुसकं बांधून रंग मारायचा व्हय? वास न्हाई आला तर कळायचं कसं किती थिनर पडलंय?"

आबांचा एक नेम होता. रंग मारायचा आत, पण कालवायचा बाहेर, लख्ख उन्हात. डब्यात पांढरा घ्यायचा, त्यात पिवळा थेंब, काळा थेंब, ढवळायचं, पत्र्याच्या पट्टीवर बोटानं ओढायचं, वाळू द्यायचं आणि पट्टी गाडीला टेकवून बघायचं. उभ्यानं बघायचं, बसून बघायचं, मान वाकडी करून बघायचं. पट्टी गाडीत नाहीशी झाली की रंग जुळला. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक सल्ला द्यायला लागलं तर ते सरळ पेरूखाली जाऊन बसायचे. गन त्यांनी कधीतरी, गंमत म्हणून का होईना, माझ्या हातात दिली होती, पत्र्यावर नुसतं पाणी मारायला. रंग कालवायला मात्र कुणालाही दिला नाही.

त्या हंगामात सुभेदार त्यांची गाडी घेऊन आले. गावातलेच, फौजेतून निवृत्त झालेले, भरपूर ऊस असलेले. त्यांच्याच उसाच्या ट्रॉलीनं वळताना त्यांच्याच गाडीची डावी दोन्ही दारं घासली होती. गाडी पांढरी, पण दुधावरच्या साईकडे झुकणारी पांढरी. हाच रंग सगळ्यात अवघड. सुभेदार म्हणाले, "पेंटर, पोरीचं लग्न हाय. ती गाडी शिकली ती ह्याच गाडीवर, आन ह्यातनंच सासरी जायाचा तिचा हट्ट हाय. दारं अशी पायजेत की कुटनं रंगवली कळता कामा नये." आबा म्हणाले, "न्हाई कळायची." झालं. आईनं माझ्याकडे बघितलं, मी आईकडे.

बिरूअण्णांनी दारं सरळ केली. मी घासली, रंग उडू नये तिथं कागद चिकटवले. गन मी मारणार असं आमचं ठरलं होतं, म्हणजे मी आणि आईनं ठरवलं होतं. आबा काही बोलले नव्हते, आणि आम्ही दोघींनी तो होकार धरला.

आईनं मात्र डॉक्टरांचं पहिलं वाक्य इमानानं पाळलं. बाहेर वारं होतं, राख होती, म्हणून तिनं आबांची खुर्ची उचलून साड्यांच्या आत ठेवली. "हितं बसून काय कालवायचं त्ये कालवा, भायेर न्हाई." तिच्या धाकानं ते आत बसले. आणि त्या वर्षीच्या साड्यांत एक होती पिवळी धमक. असली पिवळी की दुकानदारानं कुणावर सूड उगवायला ठेवली असावी. ती नेमकी उन्हाच्या बाजूला होती. आत सगळं पिवळं झालं होतं. आबांचा सदरा, डबे, गाडी, आबा स्वतः. फार सुंदर दिसत होतं. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला वाटलं, हे असंच राहावं.

आबा कालवत होते. पिवळ्याचा थेंब टाकत, पट्टी टेकवत, मान हलवत. फरक दिसेना. पुन्हा थेंब. जिथं उजेडच पिवळा, तिथं पिवळं दिसणार कसं? पण हे आज कळतं. त्या वेळी त्यांचा हात चालत होता आणि त्या हातावर शंका घ्यावी असं कुणाच्या मनात नव्हतं. मग आई बाजाराला गेली, मी चहा ठेवायला वळणापलीकडे घरी गेले, आणि परत येते तर कॉम्प्रेसर सुरू. साडी बाजूला केली. धुक्यात आबा उभे होते, तोंडाला नुसता पंचा, आणि त्यांचा हात चालला होता, अगदी पूर्वीसारखा. मी ओरडले. त्यांना ऐकू आलं नसावं. किंवा आलं असावं.

दारं वाळल्यावर बिरूअण्णांनी गाडी ढकलत उन्हात आणली. सगळी गाडी साईची आणि डावी दोन दारं शेवंतीच्या रंगाची. बिरूअण्णांनी डोक्याचा पटका मागं सारला आणि म्हणाले, "यप्पा! नवरीच्या आधी गाडीलाच हळद लागली की ओ."

मला हसू फुटलं, बिरूअण्णाही हसले. आबा हसले नाहीत. ते दाराजवळ गेले, तळवा ठेवला आणि मग वळून शेडकडे, त्या साडीकडे बघितलं. त्यांच्या लक्षात सगळं आलं होतं. त्यांचं तोंड असं झालेलं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. रंगाच्या बाबतीत त्यांना कुणी फसवलेलं नव्हतं, आणि आता एका आहेराच्या साडीनं फसवलं होतं.

तेवढ्यात सुभेदार आले. गाडीभोवती एक फेरी मारली. फौजी माणूस, आवाज चढवला नाही. "पेंटर, उद्या लगीन हाय," एवढंच म्हणाले.

"आज करून देतो," आबा म्हणाले आणि गन उचलून साड्यांकडे निघाले. दोन पावलं टाकली आणि ठसका लागला. तो थांबेना. ते वाकले, एका हातानं खांब धरला, दुसऱ्या हातात गन तशीच. बाजारातून आलेली आई पिशवी टाकून धावली आणि साड्यांच्या पुढं आडवी उभी राहिली.

"आत जायाचं न्हाई," ती म्हणाली.

"सरक. शबुद दिलाय मी."

"दिला आसंल. मला तुमचा शबुद नगं आन गाडी नगं. मला तुमी पायजे."

इतक्या माणसांसमोर माझ्या आईनं असं काही बोलणं हीच मोठी गोष्ट होती. सुभेदार पेरूकडे बघायला लागले. आबा तिच्याकडे बघत राहिले, छाती वरखाली होत होती. मग त्यांनी गन माझ्याकडे दिली नाही. नुसती टायरवर ठेवली आणि बाजूला झाले. ती मी उचलली.

आईनं ती पिवळी साडी तारेवरून ओढून काढली आणि तिथं घरातली पांढरी चादर लावली. आबांनी वारं, राख कशाची पर्वा न करता अंगणात उन्हात बसून रंग नव्यानं कालवला. या वेळी आईनं अडवलं नाही. त्यांच्या पाठीमागं गोणपाट धरून ती उभी राहिली, वारं लागू नये म्हणून. मी आणि बिरूअण्णांनी दारं पुन्हा घासली, चरीतून हळदीचं पाणी वाहत गेलं. पट्टी गाडीला टेकवली आणि ती नाहीशी झाली.

मी खिळ्यावरचा मास्क घातला आणि आत गेले. चादरीतून आलेला उजेड साधा होता, दुधासारखा. बाहेरून आबांचा आवाज यायचा. ते गनच्या आवाजावरून सांगत होते, "लांब चाललीस, जवळ ये. आता सरक. थांबू नगंस, थांबलीस की ओघळंल." पहिला हात झाला. दुसरा सुरू केला आणि मध्येच बाहेरचा आवाज बंद झाला. मला वाटलं, पुन्हा श्वास अडकला. पण हात थांबवता येत नव्हता. दार संपवलं आणि साडी बाजूला करून बघितलं तर आबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, आणि नुसते ऐकत होते. तोंडावर राखेचे दोन ठिपके पडले होते. आईनं ते फुंकले.

दुसऱ्या दिवशी ती गाडी फुलं लावून आमच्या गॅरेजसमोरून गेली. नवरी स्वतः चालवत होती, नवरा शेजारी अवघडून बसला होता. आबा रस्त्यापर्यंत गेले. त्यांनी नवरीकडे बघितलं नाही, दारांकडे बघितलं.

तिथून आमच्यात एक वाटणी झाली. कुणी बोलून केलेली नव्हे. गन माझी, रंग आबांचा. सासूबाई आणि मी कुंडललाच राहायला आलो. गॅरेजशेजारी पार्लरचाही बोर्ड लागला, त्यावर बिरूअण्णा अजून हसतात. गाड्या येत राहिल्या. आबा अंगणात डबे मांडून बसायचे, मी आत उभी. मधे साड्या. त्यांनी कालवलेला रंग डब्यातून माझ्याकडे यायचा तेव्हा मला फार श्रीमंत वाटायचं. मला वाटलं होतं, हे असंच चालत राहील. माणसाला एकदा सूट मिळाली की त्याला ती कायमची वाटते.

यंदा दिवाळीच्या आधी डॉक्टरांनी पुन्हा फुंकायला लावलं आणि मान हलवली. आता गनच नव्हे, थिनरचा वाससुद्धा नको. उघडा डबासुद्धा नको. गॅरेजकडे फिरकायचंच नाही. आबांनी ऐकून घेतलं. आईनं त्यांची खुर्ची घराच्या मागच्या दारी नेऊन ठेवली, तिथून शेड दिसत नाही. मी रोज रंगाच्या पट्ट्या वाळवून, ओल्या फडक्यानं पुसून घरी नेते. ते बघतात, "काळा जरा कमी कर," म्हणतात, आणि मी परत येते. आणि पुन्हा जाते. एका गाडीला सगळा दिवस जातो. गिऱ्हाइकं कुरकुरतात. त्याचं मला काही नाही. पण पट्टी हातात घेतली की आबा ती नाकाशी नेतात, हळूच, आई बघत नाही असं बघून. जोवर रंग त्यांच्याकडून येतोय तोवर ते त्या वासापासून सुटायचे नाहीत, हे मला दिसत होतं. मला बोलायचा धीर नव्हता. आणि खरं म्हणजे मला रंग नकोच होता. तो त्यांच्याकडेच असावा असं वाटत होतं.

आज सकाळी राख जरा कमी होती. मी साड्या भिजवत होते. रस्त्याच्या कडेनं आबा येताना दिसले, त्यांची जुनी सायकल हातात धरून, तिच्या आधारानं. अर्ध्या गावाच्या गाड्या ज्यांनी चकाकवल्या त्यांच्या सायकलवर रंग असा उरलाच नव्हता, नुसता गंज. ते शेडमध्ये आले नाहीत. पेरूच्याही अलीकडे, शेडकडचं वारं पोचत नव्हतं तिथं थांबले, जिथं गिऱ्हाइकं थांबतात. दम खाल्ला. मग सायकल स्टँडला लावली.

"रंगवायची हाय," म्हणाले.

मी हात पुसत पुढं गेले. "कंचा रंग मारू, आबा? पट्टी करून आनते घरला."

ते सायकलच्या हँडलवरून हात फिरवत होते. माझ्याकडे बघितलं नाही.

"पट्टी नगं आनूस," म्हणाले. "आता कसलीच नगं आनूस. तुला दिसंल त्यो मार."

आणि घराकडे वळले. मी म्हटलं, "कडंकडंनं जावा, ट्रॉल्या हायत." ते हळू चालत होते, थांबत होते, पुन्हा चालत होते. वळणापलीकडे दिसेनासे होईपर्यंत मी उभी होते. मग आत जाऊन रंगाचे डबे एकेक करून अंगणात उन्हात आणून मांडले, त्यांची झाकणं उघडली, आणि बराच वेळ एकालाही हात लावला नाही.